खांबेटे साहेब फोटो काढतात

"मला साहेब म्हणू नका, सुमनताई. तो साहेब मेला."

खांबेटे साहेब हे म्हणाले तेव्हा मी कणीक मळत होते आणि ते फ्रिजला टेकून उभे होते. नोकरी सोडून त्यांना तीन दिवस झाले होते. चांगल्या तब्येतीचा माणूस सकाळी पावणेआठला स्वतःच्या मरणाची बातमी देतो, यावर काय बोलायचं ते मला सुचेना. साहेब म्हणायचं नाही. दादा म्हटलं तर त्यांनी तोंड वाकडं केलं. म्हणाले, सरळ मिलिंद म्हणा. ते म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणून पुढे वर्षभर मी त्यांना काहीच म्हटलं नाही. काही सांगायचं असलं की जवळ जाऊन खोकायचे. त्यांना वाटायचं मला जपानची हवा मानवत नाही. दोनदा त्यांनी खोकल्याचं औषध आणून दिलं. माणूस मनाने चांगला होता हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात ते सापडायला वेळ लागेल.

वहीत मात्र मी साहेबच लिहिणार. वही कोणी वाचत नाही.

आमचे हे निशी-कसाई नावाच्या भागातल्या एका हॉटेलात आचारी होते. मी चार मराठी घरी पोळ्या करायला जायचे. खांबेट्यांचं घर चौथ्या मजल्यावर. साहेब कॉम्प्युटरच्या कंपनीत अकरा वर्षं. त्यांच्या बायको वृषालीताई एका बँकेत कॉम्प्युटरचंच काहीतरी बघायच्या. मुलगी ईरा सहावीत, जपानी शाळेत. आईबाप तिच्याशी मराठीत बोलायचे आणि ती जपानीत उत्तर द्यायची, आणि तिघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

साहेबांनी नोकरी कशी सोडली ते मी जवळून पाहिलं, कारण लाडू मी वळले होते. इथे रीत अशी आहे की कंपनी सोडून जाणाऱ्याने शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन वाकायचं, इतकी वर्षं सांभाळून घेतलंत म्हणायचं आणि एकेक गोड पुडी द्यायची. पुडी वेगवेगळी बांधलेली हवी. लोक दुकानातून बिस्किटांचा खोका घेतात आणि मोकळे होतात. साहेब म्हणाले, "बिस्किटं सगळेच देतात. मी बेसनाचे लाडू देणार. आणि प्रत्येक पुडीवर माझा एक फोटो."

फोटो म्हणजे त्यांचा स्वतःचा नव्हे, त्यांनी काढलेला. अराकावा नदीवरचं धुकं. ते धुकं त्यांनी छोट्या चिकटपट्ट्यांवर छापून आणलं आणि आम्ही दोघांनी बसून साठ लाडवांवर साठ वेळा चिकटवलं. पारदर्शक पुडीवर धुकं चिकटवलं की आतल्या लाडवाला बुरशी आल्यासारखी दिसते. हे मी त्यांना सांगणार होते. तोंड उघडलंही. पण तेव्हा ते घाईत होते.

संध्याकाळी त्यांनी तेवीस लाडू परत आणले. एका बाईने पुडी उजेडात धरून, याची तारीख उलटली आहे का, असं अगदी नम्रपणे विचारलं होतं. आणि त्यांचे मोठे साहेब फोटोकडे बघून म्हणाले होते, "वा, छान छंद आहे तुमचा, खांबेटे-सान." लाडवांचं त्यांना काही वाटलं नाही. छंद हा शब्द मात्र त्यांना महिनाभर टोचत होता. मी भाजी चिरत असताना मधेच यायचे. "छंद! सुमनताई, छंद म्हणजे काय? तिकिटं जमवतात तो छंद!"

मी मान हलवायचे. मान हलवायला मला कधीच अडचण नसते.

हे सगळं मी मजेने लिहिते आहे, पण एक गोष्ट मजेची नाही. नोकरी सोडण्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी रोज त्यांचं दार उघडायचे तेव्हा ते दारातल्या बूट काढायच्या जागेत बसलेले असायचे. अंगात कोट, पायांत बूट, बॅग मांडीवर. "निघतोच आहे," असं म्हणायचे. मी बाजूने आत जायचे. माझ्या वीस पोळ्या होऊन, ओटा पुसून मी निघायचे तेव्हाही ते तिथेच असायचे. मग मला बघून दचकून उठायचे आणि माझ्या मागोमाग लिफ्टमध्ये यायचे, जणू काही वाट माझीच बघत होते. असं दोन-अडीच महिने चाललं. मी कोणाला बोलले नाही. पण वृषालीताईंनाही ते दिसत असणार, कारण त्या साहेबांच्या बुटांवरून पाय उचलून रोज ऑफिसला जायच्या.

म्हणून त्यांनी भांडण केलं नाही. अट घातली. ती मी ऐकली, कारण ती स्वयंपाकघरातच घातली गेली.

"एक वर्ष," वृषालीताई म्हणाल्या. "मार्च संपेपर्यंत. तेवढ्या वेळात एका तरी अनोळखी माणसाने आपण होऊन दारात यायला हवं आणि माझा फोटो काढा म्हणायला हवं. मराठी मंडळातला नको. मित्र नको. तुझी आत्या तर अजिबात नको."

"आत्याला फोटोतलं कळतं."

"मिलिंद."

"बरं. आणि कोणी नाही आलं तर?"

"तर एप्रिलपासून परत ऑफिस. तुझी कंपनी घ्यायला तयार आहे, मी विचारलंय."

फ्रिजवर कोणत्या दिवशी कोणता कचरा टाकायचा त्याचं वर्षाचं कॅलेंडर होतं. वृषालीताईंनी मार्चच्या एकतीस तारखेला लाल गोल केला. त्या दिवशी प्लास्टिकचा कचरा होता.

आता साहेब वृषालीताईंच्या व्हिसावर आले. मी आमच्या ह्यांच्या व्हिसावर होते. म्हणजे सरकारी कागदावर मी आणि खांबेटे साहेब अगदी एका पायरीचे. दोघांनाही आठवड्याला अठ्ठावीस तासांच्या वर काम करायला बंदी. माझे अठ्ठावीस तास पोळ्या लाटण्यात भरायचे. साहेबांचे कशात भरायचे ते सांगते.

लाइट बघण्यात. सकाळी उठून ते घरभर लाइट बघत फिरायचे. "सुमनताई, लाइट बघा!" ते म्हणाले की मी वर छताकडे बघायचे. दिवा बंद असायचा. मग कळलं की लाइट म्हणजे खिडकीतून येतं ते ऊन. साधं ऊन त्यांना नको असायचं. तिरकं लागायचं. ऊन सरळ पडलं की त्यांचा दिवस वाया जायचा.

एकदा माझ्या तव्यावर तसं तिरकं ऊन आलं. पोळीतून वाफ निघत होती.

"थांबा! हात तसाच. हलू नका!"

"करपेल," मी म्हटलं.

"करपू दे!"

कलाकार दुसऱ्याच्या पोळीच्या बाबतीत फार उदार असतात. मी हात तसाच ठेवला. पोळी काळी झाली, घरभर धूर झाला, भिंतीवरचं धुराचं यंत्र जपानी बाईच्या आवाजात ओरडायला लागलं, आणि ईरा खोलीतून डोकं बाहेर काढून जपानीत काहीतरी म्हणून परत आत गेली. फोटो चांगला आला. त्यात माझे दोन हात आणि धूर आहे. त्याला त्यांनी 'श्रम' असं नाव दिलं आणि फोनवर सगळ्यांना दाखवला. लोकांनी खूप वाहवा केली म्हणे. पोळीबद्दल कोणी काही विचारलं नाही.

गणपतीत मंडळाने त्यांना फोटो काढायला बोलावलं. मंडळाचे लोक चालणार नाहीत अशी अट होती, तरी साहेब म्हणाले, सरावाला बरं. दोन दिवस ते हॉलमध्ये जमिनीवर आडवे पडून, खुर्चीवर चढून फोटो काढत होते. बायका नऊवारी नेसून, नथ सारखी करून त्यांच्या समोरून चारचारदा गेल्या. आठवड्याने साहेबांनी अकरा फोटो पाठवले. त्या रविवारी मंडळाच्या दामले वहिनी घरी आल्या. मी मटकी निवडत होते.

"मिलिंदराव, माझा फोटो कुठाय? नेसायला दोन तास लागले होते मला."

"आहे ना वहिनी. सातवा बघा."

"सातव्यात कोपर आहे."

"तुमचंच आहे."

दामले वहिनींनी फोन डोळ्याजवळ नेला, मग लांब नेला. "आणि हा पहिला? हे काय आहे?"

"हॉलबाहेरच्या चपला. तुम्ही बघा, आपल्या लोकांच्या चपला कशा एकमेकींवर चढलेल्या असतात. आणि शेजारच्या वर्गातल्या जपानी लोकांच्या, ओळीत, तोंड दाराकडे. किती बोलतो हा फोटो!"

"फोटो बोलतो हो," दामले वहिनी म्हणाल्या, "पण मी आईला पुण्याला काय पाठवू? चप्पल?"

गणपतीचा चेहराही अकरा फोटोंत नव्हता. सोंडेचं टोक होतं. पुढच्या वर्षी मंडळाने एका मुलीला सांगितलं म्हणे, तिने फोनवर सरळ फोटो काढले, सगळे खूष झाले.

पण साहेबांना चेहरे आवडत नाहीत असं मात्र नाही. अनोळखी चेहरे आवडायचे, आणि तेही त्यांना न विचारता. ऑक्टोबरात ते स्टेशनच्या फलाटावर उभं राहून गाडीत झोपलेल्या लोकांचे फोटो काढत होते. त्यातला एक झोपलेला नव्हता. त्याने स्टेशनच्या माणसाला बोलावलं, स्टेशनच्या माणसाने पोलिसाला बोलावलं, आणि साहेब कोपऱ्यावरच्या चौकीत जाऊन बसले. इथले पोलीस मारत नाहीत, ओरडत नाहीत. ते चहा देतात आणि कागद भरायला लावतात. त्या कागदावर एक रकाना होता, व्यवसाय. साहेबांनी तिथे फोटोग्राफर लिहिलं. पोलिसाने दोन्ही हात पुढे करून कार्ड मागितलं. इथे कार्ड नसलं तर माणूस आहे की नाही याचीच शंका घेतात. साहेबांकडे जुन्या कंपनीचं कार्ड होतं. त्यावरचं कंपनीचं नाव आणि हुद्दा त्यांनी पेनने खोडला, राहिलेलं 'खांबेटे' दोन्ही हातांनी पुढे केलं आणि वाकले. पोलीसही वाकला. त्याने ते कार्ड बराच वेळ वाचलं. मग विचारलं, "घरी कोणाला फोन करू?"

वृषालीताई मीटिंग सोडून आल्या, सगळ्यांपुढे वाकल्या, सगळे फोटो पुसले गेल्याचं दाखवलं आणि नवऱ्याला घेऊन घरी आल्या. दुसऱ्या दिवशी मला त्या एवढंच म्हणाल्या, "सुमनताई, आज यांची एक पोळी कमी करा." ती कमी पोळी ही शिक्षा होती की डाएट, ते मला अजून कळलेलं नाही.

असा फेब्रुवारी आला. एकही माणूस आला नव्हता. साहेब खिडकीशी उभे राहायचे. लाइटचं नाव घेणं कमी झालं होतं. दोन सकाळी मला दारातल्या बुटांच्या जागेपाशी ते घुटमळताना दिसले, बूट न घालताच. मी मुद्दाम जोरात खोकले.

तळमजल्यावर मोरिता-सान राहायच्या. वय चौऱ्याऐंशी, एकट्या. खांबेट्यांच्या बिल्डिंगमधल्या कचऱ्याच्या त्या मालकीणच. बाटलीचं झाकण काढलं नाही, चुकीच्या दिवशी चुकीची पिशवी टाकली, की त्या पिशवी उघडून, आतलं एखादं पाकीट किंवा चिठ्ठी बघून घर शोधून काढायच्या आणि पिशवी दारात परत आणून ठेवायच्या. वर वाकून, तुम्हाला त्रास दिला, क्षमा करा, असंही म्हणायच्या. मी त्यांना वाघासारखी घाबरायचे.

एका शनिवारी दुपारी दार वाजलं. वृषालीताई केस कापायला गेल्या होत्या. दारात मोरिता-सान. त्यांच्या हातात पिशवी नव्हती, मिठाईचा खोका होता. अंगात राखाडी रेशमी जॅकेट, केस बसवलेले. त्या साहेबांशी जपानीत बोलायला लागल्या आणि साहेबांचा चेहरा असा फुलला की मी पोळपाट सोडून ईराजवळ गेले.

"काय म्हणतात?"

"फोटो काढा म्हणतात," ईरा म्हणाली.

मला वाटलं, लाल गोल सुटला.

मोरिता-सान आणखी काही बोलल्या. साहेबांचा चेहरा एकदम बदलला. ते हात हलवायला लागले, हसायला लागले, त्यांच्यापुढे दोनदा हात जोडले. मोरिता-साननी शांतपणे ऐकून घेतलं, खाली वाकल्या, मिठाईचा खोका ठेवला आणि गेल्या. साहेब दार लावून आत आले, मोठं पुण्याचं काम केल्यासारखे.

"काय झालं?" मी विचारलं. खोकायचं विसरले.

"अहो, मेल्यावर लावायला फोटो हवा म्हणत होत्या! स्वतःच्या मयताला! मी म्हटलं, आजी, असं अभद्र बोलू नका. तुम्ही शंभर वर्षं जगणार. कशाला हवाय तसला फोटो?"

आपल्याकडे कोणीही हेच म्हणालं असतं. मीही म्हणाले असते. त्या वेळी मला ते बरोबरच वाटलं.

तेव्हा मी पहिल्यांदा ईराला एका दमात एवढं मराठी बोलताना ऐकलं. "बाबा, तू आजींना नाही म्हणालास."

"मी कुठे नाही म्हणालो? चांगलंच बोललो की."

"त्यांना वाटलं तुला काढायचा नाहीये. त्या सगळं आवरून ठेवतायत, बाबा. त्यांना कोणी नाही. त्या मेल्यावर फोटो कोण शोधणार? वॉर्ड ऑफिसचा माणूस? तो सरकारी कार्डावरचा लावेल. कार्डावर त्या चोरासारख्या दिसतात. त्यांनीच मला दाखवलं होतं." आणि तिचं मराठी संपलं. उरलेलं तिने जपानीत ऐकवलं, ते मला समजलं नाही, पण साहेब खाली बसले.

मी परत पोळपाटापाशी गेले. माझ्या आईचा घरी एकच फोटो आहे. ती गेल्यावर कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. त्यात आईच्या खांद्यावर एक हात आहे, बांगड्या भरलेला. कोणाचा ते आता कोणालाच सांगता येत नाही. आम्ही दर वर्षी त्या हातालाही हार घालतो.

वृषालीताई परत आल्या आणि त्यांना कळलं. त्या ओरडल्या नाहीत. पर्स खुर्चीवर ठेवली आणि म्हणाल्या, "वर्षभरात एक माणूस आपण होऊन आला. आणि तू त्याला आशीर्वाद देऊन परत पाठवलंस."

इतकं चांगलं बोललेलं मी त्या घरात त्याआधी ऐकलं नव्हतं.

साहेब दुसऱ्या दिवशी मोरिता-साननी आणलेल्यापेक्षा मोठा मिठाईचा खोका घेऊन तळमजल्यावर गेले आणि इतके वाकले, म्हणे, की चष्मा पडला. मोरिता-साननी पुढच्या शनिवारची वेळ दिली. मला साहेबांनी थर्माकोलचा पांढरा तक्ता धरायला नेलं. खिडकीतलं ऊन त्याच्यावरून आजींच्या चेहऱ्यावर पाडायचं होतं. वाघाच्या गुहेत थर्माकोल घेऊन गेले मी.

साहेबांनी आधी आपलं नेहमीचं केलं. काळा पडदा, तिरकं ऊन, अर्धा चेहरा अंधारात. कॅमेऱ्यात बघून मोरिता-सान म्हणाल्या, "फार सुंदर. पण यात मी आधीच गेलेली दिसते." बरोबर आलेली ईरा मला हळूच सगळं सांगत होती. मग त्यांनी आपल्याला काय हवं ते सांगितलं. मागे फिकट निळं. उजेड सगळीकडे. तोंड समोर. फार हसू नको, नाहीतर आलेल्यांना वाटेल बाई सुटली म्हणून हसतेय. फार गंभीरही नको, लोक लवकर उठून जातील.

म्हणजे जसले सरळ फोटो काढायचे नाहीत म्हणून साहेब वर्षभर हटून बसले होते, नेमका तसाच. त्यांनी पडदा बदलला. माझा तक्ता सरळ केला. एक तास झाला. मोरिता-सान सरळ बसल्या की त्यांचा चेहरा बंद दारासारखा व्हायचा. साहेबांनी विनोद केले. इथे अकरा वर्षं राहून त्यांचं जपानी ऑफिसचं होतं, विनोदही ऑफिसचे निघाले. माझे हात भरून आले.

मग साहेबांनी कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "मोरिता-सान, नोव्हेंबरात कोणीतरी कॅमेऱ्याची मोडलेली तीन पायांची घोडी जाळायच्या कचऱ्यात टाकली होती. तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला बोललात. ती मी टाकली होती."

मोरिता-सान हलल्या नाहीत. पण त्यांच्या डोळ्यांत आधी काहीतरी लकाकलं, मग ओठाचा एक कोपरा वर गेला, मग सगळा चेहरा उजळला. चौऱ्याऐंशी वर्षं ज्याने बरोबर कचरा टाकला त्यालाच तसा चेहरा करता येत असेल. "मला माहीतच होतं," त्या म्हणाल्या. "त्या जोडप्याकडे कॅमेरा नाही." त्याच्या आधीच साहेबांनी फोटो काढला होता.

तो फोटो बघताना ते लाइट वगैरे काही म्हणाले नाहीत. "आल्या," एवढंच म्हणाले. त्यानंतर मोरिता-साननी त्यांना ती घोडी कोणत्या दिवशी टाकायची असते, कोणती पावती चिकटवायची असते, हे नीट समजावून सांगितलं, आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन क्षमा मागायला लावली.

मोरिता-साननी फोटो चौकटीत घालून म्हाताऱ्यांच्या क्लबात नेला. पुढच्या शनिवारी दोन जण आले. त्याच्या पुढच्या शनिवारी पाच. कोणी किमोनोत, कोणी गोल्फच्या टोपीत. एका आजोबांनी आपला तितर पक्षी आणला होता, तो फोटोत हवा म्हणून. सगळे अनोळखी, सगळे आपण होऊन आलेले. बैठकीची खोली अशी भरली की डॉक्टरचा दवाखाना वाटावा, फक्त इथे कोणाला बरं व्हायची घाई नव्हती. मला चहा करावा लागायचा. एक बाई तर महिन्याच्या आत परत आल्या. केस कापले होते, म्हणून पहिला फोटो आता जुना झाला म्हणाल्या.

दामले वहिनींना कळलं तेव्हा मयताचे फोटो काढणाऱ्या खांबेट्यांना रामनवमीच्या जेवणाला बोलवावं की नाही, यावर मंडळात दोन दिवस चर्चा चालली.

वृषालीताईंना हे पटलं नव्हतं. "मिलिंद, अट मी पाळीन. पण खरं सांग. निळ्या पडद्यापुढे सरळ बसवून फोटो? हे करायला कंपनी सोडलीस? हे स्टेशनवरचं यंत्र पण करतं."

साहेब निळा पडदा इस्त्री करत होते. "ही माणसं येताना आंघोळ करून येतात गं," ते म्हणाले. "अकरा वर्षांत माझ्यासाठी कोणी आंघोळ करून आलं नव्हतं."

पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वृषालीताईंनी साहेबांचा काळा सूट धुवायला टाकला आणि तो प्लास्टिकच्या झाकणात येऊन बैठकीच्या दाराला टांगला गेला. कंपनीला त्यांनी अजून नाही असं कळवलं नव्हतं, आणि नव्या वर्षाचे कागद सुरू करायच्या आधी कंपनी एकदा फोन करणार होती. साहेब दिवसातून वीस वेळा त्या सुटाच्या खालून वाकून जायचे, पण त्याला हात लावायचे नाहीत. तो काढा असंही म्हणायचे नाहीत. भीती कशाची होती ते मला माहीत होतं. लाडवांची नव्हती, पोलिसांचीही नव्हती. दारातल्या त्या बुटांच्या जागेची होती.

एकतीस तारीख माझीही तिथली शेवटची. आमच्या ह्यांच्या हॉटेलाने निशी-कसाईचं दुकान बंद करून नागोयाला हलवायचं ठरवलं होतं, दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार होतो. मी शेवटच्या पोळ्या करत होते. वृषालीताई त्या दिवशी घरून काम करत होत्या, टेबलावर कॉम्प्युटर घेऊन. सुट्टी होती म्हणून ईरा झोपलेली.

दहा वाजता ओनो-सान नावाचे आजोबा आले, बरोबर त्यांची सून. आयुष्यभर सुतारकाम केलेले, काडीसारखे बारीक, अंगात लोकरीचं जुनं स्वेटर. निळ्या पडद्यापुढे बसले आणि लगेच उठले. सुनेशी हळू बोलले. ती खूप संकोचाने साहेबांना म्हणाली, की यांना सुटातला फोटो हवा होता, पण यांच्याकडे सूट कधीच नव्हता. लग्नातही दुसऱ्याचा घातला होता. तर राहू दे, असेच काढा.

साहेब उभे राहिले. मग दारापाशी गेले, सुटावरचं प्लास्टिक फाडलं, ओनो-सानना स्वेटरऐवजी आपला शर्ट आणि टाय घालायला दिला आणि वरून कोट धरला. ओनो-सान त्यात बुडाले. खांदे कोपरांपर्यंत आले. साहेबांनी मागून कोट मुठीत धरून बघितला, सोडला की परत सगळं ढिलं. एका हाताने कोट आणि एका हाताने कॅमेरा, असं काही त्यांना जमेना.

वृषालीताई टेबलावरून उठल्या. मला वाटलं आता बोलणार. त्या बाल्कनीत गेल्या, तिथून कपडे वाळत घालायचे पाच चिमटे घेऊन आल्या आणि ओनो-सानच्या मागे उभं राहून एकेक चिमटा त्या कोटाच्या पाठीला लावायला लागल्या. मान, खांदा, दुसरा खांदा, कंबर. समोरून तो कोट त्यांच्यासाठीच शिवल्यासारखा झाला.

"टाय सरळ कर त्यांचा," वृषालीताई साहेबांना म्हणाल्या.

मी बूट घालत होते तेव्हा टेबलावरचा साहेबांचा फोन वाजायला लागला. फोनच्या पडद्यावर कंपनीचं नाव होतं. ते लांबूनही वाचता आलं. कार्डावरच्यासारखं ते खोडलेलं नव्हतं. साहेब गुडघ्यावर बसून ओनो-सानची हनुवटी दोन बोटांनी वर करत होते, त्यांना ऐकूही गेलं नाही. पाचवा चिमटा तोंडात धरून वृषालीताईंनी फोन उचलला, चिमटा काढला आणि जपानीत बोलल्या. पाच वर्षांत मला जपानी फार आलं नाही, पण एवढं समजलं.

त्या म्हणाल्या, "खांबेटे सध्या कामात आहेत."